अकरा महिन्यांची ऑर्डर की पुण्यातली नोकरी? प्राध्यापकी सोडावी का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे, कारण महिनाअखेरपर्यंत मला एका कंपनीला हो किंवा नाही कळवायचं आहे.

माझं वय ३६. सेंद्रिय रसायनशास्त्रात एमएस्सी, मग सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा), पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून पीएचडी, त्यानंतर जर्मनीत पोस्टडॉक. आईच्या आजारपणामुळे परत आले आणि सातारा जिल्ह्यातच राहिले. सुरुवातीला इथल्या एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतले. आता तिथेच विनाअनुदानित तुकडीवर कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघते, अकरा महिन्यांची. हातात ३० हजार येतात, मे महिना कोरडा जातो.

शेजारच्या टेबलावरचे सर अनुदानित पदावर आहेत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १० ला मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, मला ते खूप सांभाळून घेतात. पण आठवड्याचे सोळा तास माझेही भरतात. प्रॅक्टिकलच्या बॅचेस, परीक्षेची ड्युटी, नॅक मूल्यांकनाच्या फायली, सगळं आहेच.

शिकवायला मला मनापासून आवडतं. तिसऱ्या वर्षाला सायक्लोहेक्झेनची 'चेअर', म्हणजे सहा कार्बनांच्या रिंगची खुर्चीसारखी रचना, शिकवताना फळ्यावरच्या आकृतीने मुलांना काही कळत नाही. म्हणून मी गोळ्या-काड्यांचं मॉडेल हातात देते आणि सांगते, एक टोक वर उचल, दुसरं खाली दाब. रिंग उलटते आणि वर उभा असलेला मिथाइल गट आडवा होऊन बाहेरच्या बाजूला जातो. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नाही, मॉडेल हातात फिरवत म्हणाली, "मॅडम, त्याला वरती शेजारच्या हायड्रोजनची गर्दी होत होती, म्हणून तो बाहेर गेला ना?" पुस्तकात यालाच १,३-डायअॅक्झियल इंटरॅक्शन म्हणतात. तिने ते पुस्तकाशिवाय ओळखलं.

संशोधन मात्र थांबल्यात जमा आहे. रेणूची रचना तपासायचा एनएमआर बाहेरून करून आणावा लागतो, त्याचे पैसे खिशातून. २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे गाइड व्हायला कायम पद लागतं, ते नाही. संशोधन निधीच्या बहुतेक योजनांचा अर्जही नियमित पदाशिवाय पुढे सरकत नाही.

नोकरी पुण्यात आहे, औषध कंपन्यांसाठी पेटंट शोधून त्यांचं विश्लेषण करण्याची. वर्षाला साडेआठ लाख. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागेल. नवरा इथल्या एका सहकारी बँकेत आहे, मुलगी दुसरीत. तो म्हणतो, तू ठरव, घराचं मी बघतो.

पाय कशात अडकलाय तेही सांगते. संस्थेतले एक पदाधिकारी दर वर्षी म्हणतात, "पद निघालं की पहिला विचार तुमचाच." आणि वडील, जे स्वतः प्राथमिक शिक्षक होते, गावात सगळ्यांना सांगतात की लेक प्राध्यापक आहे. एवढी वर्षं शिकून शेवटी ऑफिसात बसायचं, हे त्यांना कसं सांगू? आणि एकदा बाहेर पडले की परत येता येतं का? ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांनी कृपया लिहा.

उंबरठा

सोडा. माझ्या धाकट्या बहिणीने पद निघायची वाट पाहत चाळिशी गाठली. यापेक्षा जास्त लिहायची आत्ता ताकद नाही, नंतर येते.

जुना_विभागप्रमुख

पाऊलवाट, मी अनुदानित महाविद्यालयातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो आणि विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवरही बसलो आहे. म्हणून त्या पदाधिकाऱ्यांच्या शब्दाबद्दल आधी बोलतो, कारण खरा निर्णय तिथे अडलेला दिसतो.

'पद निघालं की तुमचंच' हा शब्द देणारा माणूस कितीही चांगला असो, पद काढणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही. आधी वर्कलोड तपासून सहसंचालक कार्यालयाकडून पदनिश्चिती व्हावी लागते. मग शासनाने भरतीला परवानगी दिलेली असली पाहिजे आणि तुमच्या महाविद्यालयाला त्यातलं पद मिळून ना-हरकत आली पाहिजे. बिंदुनामावली (रोस्टर) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, म्हणजे ते पद खुलं आहे की राखीव, कोणत्या प्रवर्गाला, हे ठरतं. त्यानंतर जाहिरात. मग विद्यापीठाने नेमलेले तज्ज्ञ आणि कुलगुरूंचे प्रतिनिधी असलेली निवड समिती. आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. यातली एक कडी अडली की सगळं तिथेच थांबतं. ४ मे २०२० ला कोविडच्या काळात वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली तेव्हा ना-हरकत हातात असलेली महाविद्यालयंही थांबली होती. पुढे २०२१ च्या अखेरीस २,०८८ सहायक प्राध्यापक पदांना परवानगी आली, तीही भरून व्हायला किती काळ गेला ते आपल्यातल्या पुष्कळांनी अनुभवलं आहे.

तेव्हा भावनेच्या भरात काही ठरवू नका. उद्या आस्थापना विभागातल्या कारकुनाकडे जा, पदाधिकाऱ्यांकडे नको. त्यांना विचारा: रसायनशास्त्राचं अनुदानित पद आज रिक्त आहे का? ते बिंदुनामावलीत कुठल्या बिंदूवर येतं? रोस्टर तपासून आलंय का? ना-हरकतीसाठी प्रस्ताव गेलाय का, गेला असेल तर कधी? कारकुनाला हे सगळं तोंडपाठ असतं. उत्तरं मिळाली की तुम्हाला आमच्या सल्ल्याची फारशी गरज उरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे दबक्या आवाजात बोलली जाते. पदासाठी कोणी पैशाचं सुचवलं तर त्या क्षणी उठून या. शेत विकून, कर्ज काढून पैसे भरलेले तरुण मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींची नेमणूक झाली आणि मान्यता अडकली. तो पैसा परत मागायला कागद नसतो, आणि कागद नसल्यामुळे दारही नसतं.

बालाघाटी

सरांनी लिहिलेली सगळी साखळी मी एकेक कडी मोजत जगलोय. विषय इतिहास, नेट आणि पीएचडी दोन्ही. बीड जिल्ह्यात सीएचबीवर होतो. एका कॉलेजात सकाळचे तास, मग एसटीने दुसऱ्या गावी दुपारचे. मानधन तासावर, तेही वर्ष संपता संपता एकदम जमा व्हायचं. किराणा दुकानदाराला मी दर वेळी सांगायचो की मार्चला देतो.

ताई, तुमच्या हातात निदान एक नोकरी आहे. आमच्या इतिहास-मराठी-राज्यशास्त्राच्या लोकांना कंपनी बोलवत नाही. हे हेवा म्हणून लिहीत नाही, रसायनशास्त्राने तुम्हाला जे दिलंय त्याची किंमत तुम्ही कमी करताय असं वाटलं म्हणून लिहितोय.

मी काय केलं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. बीएड आधी झालेलं होतं. २०२३ ला टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) दिली आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. पहिली तीन वर्षं ठरलेलं मानधन, माध्यमिकला महिन्याला १८ हजार, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. पीएचडी झालेला माणूस नववी-दहावीला शिकवतोय म्हणून नातेवाइकांत कुजबुज झाली. पण दर महिन्याला पैसे खात्यावर येतात आणि जूनमध्ये मला कोणाच्या केबिनबाहेर उभं राहावं लागत नाही. एमपीएससीचाही विचार केला होता. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, तेव्हा अजून दोन संधी होत्या. पण मला शिकवायचंच होतं, ते मिळालं.

दावा_क्रमांक_एक

पाऊलवाट, तुम्ही ज्या कामाला जाणार आहात तेच मी पुण्यात करतो. मीही सेंद्रियवालाच, पीएचडीनंतर दोन वर्षं कंत्राटी शिकवलं आणि बाहेर पडलो. त्यामुळे काम आतून कसं असतं ते सांगतो, चांगलं आणि वाईट दोन्ही.

समजा एका कंपनीला एक औषध बाजारात आणायचं आहे. त्या रेणूवर, तो बनवण्याच्या पद्धतीवर, त्याच्या क्षारावर, स्फटिकरूपावर, गोळीच्या घटकांवर जगात कोणी कोणी पेटंट घेऊन ठेवली आहेत, कोणत्या देशात ती अजून जिवंत आहेत आणि त्यांच्या दाव्यांत, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या वाक्यांत, आपली पद्धत अडकते का, हे शोधून लिहून द्यायचं. दाव्यांचं वाचन हेच खरं काम. तिथे एक सांगाडा काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं की आर-वन म्हणजे एक ते सहा कार्बनांचा अल्काइल, आर-टू म्हणजे हॅलोजन किंवा अल्कॉक्सी, आणि असंच पुढे. त्या एका वाक्यात हजारो रेणू मावतात. आपल्या गिऱ्हाइकाचा रेणू त्यात बसतो की नाही हे ज्याला रसायन येतं त्यालाच दिसतं, वकिलाला दिसत नाही. तुमच्या त्या चेअर कन्फॉर्मेशनची सवय इथे वाया जात नाही. स्टिरिओकेमिस्ट्रीच्या (अणूंच्या त्रिमितीय मांडणीच्या) एका शब्दावर अख्खा अहवाल फिरलेला मी पाहिला आहे.

भारतात तर हे काम आणखी रंगतं, कारण आपल्या कायद्यात कलम ३(ड) आहे. जुन्याच पदार्थाचं नवं रूप केवळ नवं आहे म्हणून पेटंट मिळत नाही, परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब मेसायलेटच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट नाकारलं ते याच कलमावर. तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री दोनपर्यंत बसलो होतो. रसायनशास्त्राचा इतका थेट संबंध रुग्णाच्या औषधाच्या किमतीशी असतो हे मला प्रयोगशाळेत कधी जाणवलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. तास मोजले जातात, कारण गिऱ्हाइकाला तासांवर बिल लागतं. अमेरिकेचं गिऱ्हाईक असेल तर संध्याकाळी कॉल. अहवालावर तुमचं नाव नसतं. नवं काही तुम्ही बनवत नाही, दुसऱ्याने बनवलेलं वाचता. पहिले सहा महिने टीएलसी प्लेटवरचा डाग अतिनील दिव्याखाली बघायची आठवण येते, मला तर फार यायची. काहींना ती ओढ शेवटपर्यंत सुटत नाही, ते मग कंपनीच्या संशोधन विभागात जातात.

पुढे वाढायचं असेल तर पेटंट एजंटची परीक्षा द्या. कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी एवढंच लागतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरला निदान ५० टक्के, एकूण ६० टक्के. ती परीक्षा पास झालात की तुमच्या नावापुढे नोंदणी क्रमांक लागतो आणि तो कोणत्याही संस्थेच्या ऑर्डरवर अवलंबून नसतो.

ऱ्हाइनकाठ

पाऊलवाट, तुम्ही जर्मनीत राहून गेलात म्हणजे हे तुम्हाला माहीत असेल, पण बाकीच्यांसाठी लिहिते. ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असं समजू नका. इथे मुदतीच्या करारांसाठी वेगळा कायदाच आहे: पीएचडी होईपर्यंत सहा वर्षं, त्यानंतर आणखी सहा, वैद्यकशास्त्रात नऊ. तेवढ्यात कायम पद मिळालं नाही तर बहुतेकांना विद्यापीठाचं दार बंद. २०२१ मध्ये इथल्या संशोधन मंत्रालयाच्या एका माहितीपर व्हिडिओतल्या 'हाना' या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणावरून हजारो जणांनी 'मीही हाना' म्हणत आपापली कहाणी लिहिली होती.

मी स्वतः चाळिशीच्या तोंडावर बाहेर पडले. पण एक फरक लक्षात घ्या. इथे करार संपला तरी तोपर्यंतचा पगार, विमा, बाळंतपणाची रजा कायम माणसासारखीच असते. अकरा महिन्यांची ऑर्डर आणि कोरडा मे यांची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

खडू_आणि_फळा

इथे सगळे एकाच सुरात 'सोडा' म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सीएचबी, कंत्राटी, सगळं करून ४१ व्या वर्षी कायम झाले. कोणालाही एक पैसा न देता झाले, हेही मुद्दाम लिहिते, कारण तसं होत नाही असा समज पसरला आहे.

पाऊलवाट यांनी त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. अशा मुलींना एमएस्सीपर्यंत नेणारं माणूस त्या गावात दुसरं कोण आहे? राष्ट्रीय प्रयोगशाळेत आणि जर्मनीत काम करून आलेली बाई तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवते, हे त्या मुलींचं भाग्य आहे. शहरातल्या मुलांना क्लासेस आहेत, इंटरनेट आहे, ओळखी आहेत. आमच्या मुलींना आम्हीच आहोत. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज कृषी विद्यापीठात आहेत, बँकेत आहेत, एक वनविभागात आहे. त्या लग्न करून सतराव्या वर्षी घरात बसल्या असत्या. हे मोल साडेआठ लाखांत कसं मोजणार?

थोडं थांबा, ताई. भरती उघडते आहे असं ऐकतो.

बालाघाटी

खडू_आणि_फळा मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. तुम्ही टिकलात आणि सन्मानाने टिकलात. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या मुलींची जबाबदारी शासनाची, संस्थेची, विद्यापीठाची. ती ३० हजारांवर काम करणाऱ्या आणि मे महिन्यात बिनपगारी घरी बसणाऱ्या बाईंच्या डोक्यावर का? आम्हालाही हेच सांगितलं गेलं, सर, तुम्ही गेलात तर पोरांचं काय होईल. पोरांचं नाव घेतलं की आम्ही गप्प बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आम्ही गप्प बसतो म्हणून त्या जागा रिकाम्या ठेवणं परवडतं. ज्या दिवशी तासिकेवर कोणी मिळेनासं होईल त्या दिवशी जागा भरतील.

'भरती उघडते आहे' हे वाक्य मी बीएच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय.

खडू_आणि_फळा

राग नाही, बालाघाटी सर. तुमचं म्हणणं खरं आहे आणि मलाही ते बोचतं. पण तासिकेवर कोणी मिळेनासं होईल तेव्हा जागा भरतील की विभागच बंद होईल? आमच्या भागात भूगर्भशास्त्राचे, संख्याशास्त्राचे विभाग असेच मिटलेले मी पाहिले. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, विद्यार्थी नाहीत म्हणून वर्कलोड नाही, वर्कलोड नाही म्हणून पद नाही. ही भीती मला खरोखर वाटते. तरी पाऊलवाट यांच्यावर हे ओझं टाकायचा मला हक्क नाही, हे मान्य करते.

उंबरठा

परत आले. बहिणीचं थोडं लिहिते. तिला पगारापेक्षा जास्त खाल्लं ते दर जूनने. मे संपत आला की तिची झोप उडायची. ऑर्डर मिळेल ना, तास कमी होतील का, नव्या प्राचार्यांना आपण आवडू का. घरात कोणाचं लग्न ठरलं तरी ती म्हणायची, जूननंतरची तारीख धरू नका. शेवटी ती एका शालेय पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात संपादनाच्या कामाला लागली. पगार फार मोठा नाही. पण या वर्षी तिने पहिल्यांदा घरासाठी कर्जाचा अर्ज केला, कारण बँकेला दाखवायला तिच्याकडे बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा होत्या.

रिॲक्टर_तीन

मी कुरकुंभ एमआयडीसीत औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात प्रोसेस डेव्हलपमेंट बघतो. पाऊलवाट, हातांनी काम करायची ओढ असेल तर हाही रस्ता डोक्यात ठेवा. शंभर ग्रॅमला नीट चाललेली रिअॅक्शन पाचशे लिटरच्या रिअॅक्टरमध्ये गेली की वेगळंच वागते. उष्णता बाहेर निघत नाही, गाळायला चार तास लागतात, नको असलेली एक अशुद्धी ०.१५ टक्क्यांवर जाते आणि अख्खी बॅच अडते. पीएचडीचा माणूस तिथे खरा कामाला येतो. मात्र ३६ व्या वर्षी आलात तर शिकवण्याचा अनुभव आमच्या एचआरवाल्यांना अनुभव वाटत नाही. हे चुकीचं आहे, पण वास्तव आहे. म्हणून जी कंपनी तुमच्या शिक्षणाची किंमत आजच करते आहे तिला धरून ठेवावं असं मला वाटतं.

दोन कामाच्या गोष्टी. निघताना अनुभव प्रमाणपत्र आणि आजवरच्या सगळ्या ऑर्डरींच्या प्रती घ्या, मूळ कागदपत्रं संस्थेत जमा असतील तर तीही. आणि ग्रॅच्युइटीचं विचारा. शिक्षकांना ती लागू नाही असं सर्रास सांगितलं जातं. २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी लागू झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा लागायची. दर मेमधल्या खंडाचं काय होतं ते कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला ऑर्डरी दाखवून विचारा.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या.

जुना_विभागप्रमुख सर, तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले. आमच्या कार्यालयातल्या भाऊंनी कपाटातून फाइल काढली आणि सगळं शांतपणे सांगितलं. रसायनशास्त्राचं एक अनुदानित पद खरंच रिक्त आहे. रोस्टर तपासणीला अजून गेलेलं नाही. ना-हरकतीसाठी प्रस्तावच केलेला नाही, कारण संस्थेने आधी दुसऱ्या दोन विषयांची पदं मागायचं ठरवलं आहे. हे ठरून दीड वर्ष झालं. त्या दीड वर्षातही मला 'पहिला विचार तुमचाच' असं सांगितलं जात होतं. भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी कधी विचारलंच नाही."

मग वडिलांशी बोलले. प्राध्यापक म्हणवून घेण्याचा त्यांना अभिमान आहेच, पण त्यांच्या मनात खरी गोष्ट वेगळी होती: पेन्शन. त्यांना वाटत होतं की मी कायम झाले की त्यांच्यासारखी पेन्शन मिळेल. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही, हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तू थांबली होतीस कशासाठी?" आम्ही पहिल्यांदाच पैशाबद्दल मोकळेपणी बोललो. तिकडचा पीएफ, विमा, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

खडू_आणि_फळा ताई, तुमचं लिहिणं वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होते. तुम्ही म्हणता ते मला पटतं. मी गेल्यावर आमच्याकडे सेंद्रियला बहुधा नुकतीच एमएस्सी झालेली एखादी मुलगी सीएचबीवर येईल, आणि ती जीव तोडून शिकवेल, आणि तिचंही हेच होईल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझी मुलगी दुसरीत आहे, आणि दर जूनमध्ये तिच्या आईचा चेहरा कसा होतो हे तिला आता कळायला लागलं आहे. उंबरठा यांनी बहिणीबद्दल लिहिलेलं नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, हे आपल्याच घरातलं आहे.

मी कंपनीला होकार कळवला. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर, १५ तारखेनंतर रुजू होईन असं सांगितलं, त्यांनी मान्य केलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अजून सांगितलेलं नाही. निकालाच्या आधी सांगणार आहे, दुसऱ्या कोणाकडून कळू नये. मॉडेलचे दोन्ही संच माझे स्वतःचे होते, ते विभागाला देऊन जाते आहे.

दोन प्रश्न उरले. शनिवारी येऊन तिसऱ्या वर्षाचे तास घ्याल का, असं प्राचार्यांनी विचारलं आहे. घ्यावेत का? आणि दावा_क्रमांक_एक, रुजू होण्याआधी मी काय वाचायला घेऊ?

जुना_विभागप्रमुख

योग्य ठरवलंत. शनिवारचं आत्ता कबूल करू नका. नव्या नोकरीचे पहिले सहा महिने पूर्ण तिला द्या, शिवाय नियुक्तिपत्रात दुसरं काम करण्याबद्दल काय लिहिलं आहे ते नीट वाचा, बहुतेक ठिकाणी आधी परवानगी लागते. दिवाळीनंतर वाटलं तर एखादं व्याख्यान द्या, पेटंट आणि औषधं या विषयावर. आमच्या मुलांना हे कोणी सांगतच नाही.

खडू_आणि_फळा

त्या व्याख्यानासाठी आमच्या महाविद्यालयातही या. जाण्यायेण्याचा खर्च विभाग करेल, मी बघते. मुलींना तुम्हाला भेटवायचं आहे. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला एमएस्सीच्या प्रवेशाच्या वेळी फोन करा, विसरू नका.

दावा_क्रमांक_एक

अभिनंदन. आधी कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, कंटाळा येईल. कलम ३ आणि कलम २५ एवढंच वाचा. तिसऱ्यात कशाला पेटंट मिळत नाही ते आहे, पंचविसाव्यात पेटंटला विरोध कसा करायचा, मंजुरीआधी आणि मंजुरीनंतर. मग इमॅटिनिबचा (ग्लिवेकचा) निकाल, तो लांब आहे, पण रसायनाचा भाग तुम्ही आमच्यापेक्षा लवकर वाचाल. त्यानंतर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' नावाची शोधयंत्रणा आहे, ती मोफत आहे. तुमच्या पीएचडीतलाच एखादा सांगाडा घ्या आणि त्याच्याभोवती कोणी काय दावे केलेत ते शोधून दोन पानांत लिहून काढा. इंग्रजीत लिहा, वाक्यं लहान ठेवा, 'कदाचित' आणि 'बहुधा' कुठे येतात त्यावर खूण करा. ती दोन पानं मला निरोपातून पाठवा, मी रविवारी बघून देतो.